पोत्यातला कोळसा कुणाचा

नागपूरला काय काय पाहिलेस, असे वाडीतल्या सगळ्याजणी विचारतात. सांगायला गेले की थोरल्या जाऊबाई म्हणतात, "जाऊ दे, नको त्रास करून घेऊस." मला तर सांगायचे आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढे अक्षर अजून हातात आहे, म्हणून लिहून ठेवते. आमच्या वाडीतून नागपूरपर्यंत आजवर कुणी बाई गेलेली नाही. मीही हौसेने गेले नव्हते. माझ्यावर भेसळीचा आळ होता, तो पुसायला गेले.

आधी कोळशाचे सांगते. नारळ फोडून खोबरे काढले की करवंटी उरते. तिच्यावरचा काथ्या कोयत्याने खरवडून ती अगदी उघडी करायची, खड्ड्यात रचून पेटवायची, आणि पांढरा धूर सरून निळा येऊ लागला की वर पत्रा टाकून कडा ओल्या मातीने लिंपायच्या. दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी मारून विझवायचे तर मुळीच नाही. असा कोळसा एकमेकावर टाकला तर काचेसारखा वाजतो. देवापुढे फोडलेल्या नारळाची करवंटी आमच्या घरी खड्ड्यात टाकत नाहीत. ती माडाच्या मुळाशी जाते. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा माधव नागपूरला एका कॉलेजात रसायनाची डॉक्टरकी करतो. रोग्यांची नव्हे, अभ्यासाची. हायस्कूलची चार वर्षे तो आमच्याच घरी जेवला. मागच्या मे महिन्यात आला तेव्हा खड्ड्याशी बसून राहिला, दहा प्रश्न विचारले आणि पिशवीभर कोळसा घेऊन गेला. मग पत्र आले, "मावशी, तुझा कोळसा सोन्यासारखा निघाला, पोतेभर पाठव." मी उखळात कुटून, धोतराच्या फडक्यातून गाळून पोते पाठवले. भाच्याचे काम, मोल कोण मागतो?

आणि दिवाळीनंतर त्याच्या सरांचे पत्र, माझ्या नावाने. "आपण पाठवलेल्या मालात भेसळ आढळली आहे. कारखान्याच्या पाहुण्यांसमोर प्रयोग फसला व विभागाची नाचक्की झाली. आपल्या भाच्याचे संशोधन थांबवावे की काय, असा विचार आहे. खुलासा करावा."

भेसळ! दुधात पाणी घालतात, मिरचीपुडीत विटेची भुकटी घालतात, त्याला भेसळ म्हणतात. मी पत्र चार वेळा वाचले. आमचे हे म्हणाले, "उलटटपाली उत्तर लिही, कशाला जातेस?" पण पत्रात कोळसा वाजवून कसा दाखवणार? सुपारीचे दिवस होते, त्यांना निघता येईना. मी पत्र्याच्या डब्यात नव्या खड्ड्यातला कोळसा कुटून भरला, भाकऱ्या बांधल्या आणि कोल्हापूरच्या एसटीत बसले. जी बाई दुकानदाराशीही पदराआडून बोलते ती नागपूरला निघाली, म्हणून सगळी वाडी थांब्यावर जमली होती.

गाडीत

कोल्हापूरहून पुढे रेल्वेत बायकांच्या डब्यात जागा मिळाली. अर्धी वाट तर मी कोळशाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर सगळे पांढरे. धुके असेल असे वाटले, पण तो कापूस होता, झाडावर फुटलेला. आमच्याकडे लाल माती, आणि दहा पावले गेले की चढ नाही तर उतार. इथे काळी जमीन आभाळाला टेकेपर्यंत सपाट. एवढ्या मोकळ्या जागेत माणसाने लपायचे कुठे, असे माझ्या मनात आले.

तेवढ्यात समोरची बाई म्हणाली, "अवं बाई, डब्यात काय हाय वं?"

मी झाकण उघडून दाखवले. म्हटले, कोळसा.

"माय वं! इतकं बारीक मंजन! दे ना थोडंसं, माह्यं घरीच राहून गेलं."

ते मंजन नाही, तो माझा खुलासा आहे, असे मला म्हणायचे होते. शब्द फुटेना. तिने चिमूट नव्हे, मूठ घेतली. तिचे पाहून शेजारणीने घेतली, मग तिच्या सासूने. "लय झाक हाय," म्हणत तिघी नळाशी जाऊन दात घासून आल्या, आणि दात खरेच शिंपल्यासारखे झाले होते. अकोला येईपर्यंत माझा अर्धा पुरावा नळाशी थुंकून झाला होता. मला त्यांचा राग आला नाही, माझ्या तोंडाचा आला. हेच तोंड घेऊन मी सरांशी बोलणार होते!

तुळशीरामांच्या घरी

स्टेशनवर माधव आला होता. पाया पडला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. सायकलरिक्षात बसल्यावर पहिले वाक्य काय, तर "मावशी, तू कशाला आलीस? मी सगळं निभावून नेलं असतं."

"काय निभावलं असतंस? मी भेसळ केली म्हणून?"

तो रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागला.

त्याच्या हॉस्टेलात बायकांना मनाई, म्हणून प्रयोगशाळेतले शिपाई तुळशीराम यांच्याकडे माझी सोय केली होती. लकडगंजच्या पुढे त्यांची विणकरांची वस्ती आहे. गल्लीत शिरले की प्रत्येक घरातून मागाचा खटखट आवाज. आमच्याकडे समुद्राची गाज असते तसा, थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो. तुळशीराम नोकरीला लागले तरी त्यांची बायको गिरजाबाई माग चालवते. तिने उठून पाय धुवायला पाणी दिले आणि लगेच पुन्हा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली. आमच्याकडे पाहुणी आली की काम टाकून बसतात. इथे काम चालू ठेवून गप्पा मारतात. मला तेच बरे वाटले, समोरचा आपल्याकडे टक लावून पाहत नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि पाटोडीचा रस्सा. पाटोडी म्हणजे बेसनाच्या थापलेल्या वड्या. वर बोटभर लाल तेल. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

"काहून वं ताई, घरची याद येऊन राहिली का?" गिरजाबाई म्हणाली.

"तिखट आहे," मी म्हटले.

"हे तिखट? हे तर पाहुण्यासाठी फिक्कं केलं!" तिने नवऱ्याकडे पाहिले. "यायले इचारा. यायचं तिखट वेगळंच असते. तोंडाचं."

तुळशीराम भाकरी मोडत राहिले. मी विचारले, रस्स्यात नारळ नाही का घालत? त्यावर ती इतकी हसली की हातातला पळा ठेवावा लागला.

"नारळ? भाजीत? आमच्या इकडं नारळ देवाले, ताई. लगीन, नवस, अन् शनवारी मारोतीले. भाजीत आमी शेंगदाने टाकतो."

मी तेव्हा नुसती मान हलवली. पण नंतर माग बंद झाल्यावर मनात तेच घोळू लागले. म्हणजे या गावात करवंटी मिळाली तर देवळातच मिळणार.

कॉलेजात, पहिला दिवस

दगडी इमारत, उंच खिडक्या, आणि आत शिरताच नाकात बुटाच्या पॉलिशसारखा वास. सर वर्गावर होते, म्हणून मला व्हरांड्यात बाकावर बसवले. एक तास गेला. दुसरा गेला. सर दोनदा माझ्यासमोरून गेले. ज्या बाईला पत्र लिहून खुलासा मागितला ती बाई आठशे-नऊशे मैलांवरून नसेल, पण माझ्या हिशेबाने पृथ्वीच्या टोकावरून आली आहे, तिला "आलात का" एवढे तरी विचारावे! आमच्याकडे दारात आलेल्या कासारालाही गूळपाणी देतात.

गूळपाणी तुळशीरामांनी दिले, म्हणजे चहा. तो काचेच्या, औषधे ठेवायच्या भांड्यात पाहून मी हात मागे घेतला.

"प्या, ताई. हे चहाचंच हाय. त्याच्यावर मी दोरा बांधून ठेवला. बिनदोऱ्याच्याले मी बी हात लावत नाही."

मग माधवने आत नेऊन प्रयोग दाखवला. गोल बुडाच्या काचेच्या चंबूत पिवळे पाणी, हळदीच्या पाण्यासारखे. त्यात नाकाला झोंबणारे दुसरे औषध घालायचे, चमचाभर कोळसा टाकायचा आणि तापवत ठेवायचे. पिवळेपण निघून गेले की काम झाले. त्यातूनच पुढे तापाच्या गोळीचे औषध करतात. कोळसा गाळून घ्यायचा, धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा वापरायचा. तो स्वतः खर्च होत नाही, नुसता त्याच्या अंगावर दुसऱ्यांचे जमते.

"म्हणजे विरजणासारखं," मी म्हटले.

"नाही मावशी, विरजण दह्यात मिसळून जातं. हा परत काढता येतो."

"मग पाट्यासारखा. चटणी वाटायची, पाटा धुऊन ठेवायचा."

तो हसला, पहिल्यांदाच. "अगदी पाट्यासारखा. बाजारातला कोळसा एकदा वापरला की मरतो. तुझा पुन्हा पुन्हा चालतो. कारखान्याला तेच हवं आहे."

त्याच्या पाठीमागे भिंतीला माझे पोते टेकले होते. माझ्या हाताचा टाका, माझाच काथ्या. मी खाली बसून हात घातला. तळाशी काही न कुटलेले खडे लागले. दोन एकमेकांवर आपटले. आवाज नाही! ढेकूळ आपटावे तसे. आणि एका खड्याला अर्धवट जळलेला काथ्या, त्यात शेंदरी ठिपका.

"माधव, हा माझा कोळसा नाही."

तो म्हणाला, "पोतं तुझंच आहे ना?"

"पोतं माझं आहे."

तेवढ्यात सर आले. मला नमस्कार केला, पण बोलले माधवशी. "बाईंना विचारलंस? लाकडी कोळसा मिसळला होता की आणखी काही? त्यांना सांग, पोलिसात द्यायचं नाहीये, फक्त खरं काय ते कळू दे."

दोन विद्यार्थी वळून पाहू लागले. सांगायचे ते सगळे जिभेवर होते. पण मी मान खाली घातली आणि सर निघून गेले. आयुष्यात मला माझी एवढी चीड कधी आली नव्हती.

मी व्हरांड्यात आले. तुळशीराम भांडी घासत होते. शेंदरी ठिपक्याचा खडा मी त्यांच्यापुढे धरला.

"हां," ते म्हणाले, "मारोतीच्या देवळातल्या करवंट्या. मीच आनून देल्या दोन टोपल्या. माधवभाऊ म्हनले, पोतं सरून राहिलं, पाहुने येऊन राहिले. हॉस्टेलच्या मागं डामराच्या ड्रममदी जाळल्या त्यायनं. पानी मारून इझवल्या."

"मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही?"

"मले कोनी इचारलंच नाही, ताई." ते घासता घासता थांबले. "मले काय मालूम, तुमचं नाव सांगतीन म्हनून."

दुपारी आवारातल्या संत्र्याच्या गाडीपाशी मी माधवला गाठले. त्याने दोन संत्री सोलून माझ्या हातात ठेवली. इथली संत्री गोड असतात, सालीला नख लावले की सुटतात. मी हातात तशीच धरून राहिले.

"खरं सांग."

त्याने सांगितले. कोळसा चांगला निघाला तेव्हा त्याने सरांना सांगितले होते, "कोळसा करण्याची रीत मी स्वतः बसवली, मावशी नुसता माल पाठवते." मग पोते संपले, पाहुणे तोंडावर आले, आणि रीत स्वतःची म्हटल्यावर "मावशीकडून मागवतो, थांबा" असे म्हणण्याची सोय उरली नाही. प्रयोग फसला. सर सगळ्यांसमोर ओरडले, कोळसा कुठला?

"तोंडून निघून गेलं गं मावशी. तुझं नाव."

"इतकं जवळ होतं का माझं नाव तुझ्या जिभेला? कोळसा चांगला निघाला तेव्हा कुठे होतं? चांगला असला की तुझी रीत, वाईट निघाला की मावशीचा!"

"हळू बोल ना."

मी हळूच बोलत होते. त्यालाच मोठे ऐकू आले.

"सर मला काढून टाकतील," तो म्हणाला. त्याचा चेहरा आठवीत नापास झाला होता तेव्हासारखा झाला. तेव्हा मी त्याला पोटाशी धरले होते. आता धरले नाही. म्हटले, "उद्या माझ्या डब्यातला कोळसा चालवून दाखव. तुझा पण चालव. मग काय सांगायचं ते तूच सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

मी खरेच सांगितले असते का, कोण जाणे. त्याला मात्र खरे वाटले.

दुसरा दिवस

सकाळी तुळशीरामांच्या गल्लीतल्या टपरीवर तर्रीचे पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर ओले खोबरे असते. मला तिखट लागलेच नाही. माझे सगळे लक्ष डब्याकडे होते.

दोन चंबू शेजारी शेजारी लावले. एकात दात घासून उरलेला माझा कोळसा, दुसऱ्यात पोत्यातला. सर खुर्ची घेऊन बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. तासाभरात माझ्या चंबूतले पिवळे फिके झाले, मग गेले. दुसरा हळदीसारखाच राहिला.

"पुन्हा लावा," सर म्हणाले.

माझा कोळसा गाळला, धुतला, भट्टीत वाळवला, पुन्हा टाकला. पुन्हा पिवळे गेले. दुपार झाली, तिसऱ्यांदा लावला. पुन्हा गेले. गाळून काढलेला कोळसा तसाच काळाभोर, जणू काही केलेच नाही. चौथ्या वेळी सर उठून स्वतः चंबू उजेडात धरून पाहू लागले.

"उत्तम! म्हणजे बाई, तुमचा हा कोळसा चांगला आहे. मग त्या पोत्यात काय होतं?"

मी माधवकडे पाहिले. तुळशीरामांचा फडका टेबलावर एकाच जागी फिरत होता.

"सर," माधव म्हणाला, "त्या पोत्यात मावशीचा कोळसा नव्हता. संपला होता. मी इथल्या देवळातल्या करवंट्या जाळून भरल्या. शेंदूर लागलेल्या."

आता आभाळ कोसळणार, असे मला वाटले. भाचा जातो का राहतो, या धसक्याने मी पदर मुठीत धरला. पण सरांचे डोळे एकदम चमकले.

"शेंदूर? अरे, शेंदरात शिसं असतं! शिशाने कोळसा मारला असणार. हे तपासायलाच हवं. शेंदूर लावून आणि न लावून, दोन्ही चालव. माधव, हा तर एक वेगळा निबंध होईल!" मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खोटं बोलायला नको होतंस. पण शास्त्रात चुकांतूनच शोध लागतात. तुळशीराम, चहा सांगा सगळ्यांना."

आणि संपले. विद्यार्थी हसायला लागले, कुणी बिस्किटे आणली. माझ्या हातातही कप आला. काढून टाकणे नाही की काही नाही. भाचा वाचला याचा मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण महिनाभर मी भेसळवाली होते, ती माझ्या वाडीत, माझ्या घरात, माझ्या मनात. सुपारी विकायला गेले तर वाटायचे, घेणारा माणूस आता अगदी निरखून पाहतोय. ते कुठे गेले? शिशाचा शोध लागला म्हणून ते आपोआप धुऊन निघाले का?

मी कप खाली ठेवला.

"सर, भेसळ केली असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात."

"अहो बाई, ते आता झालं ना! गैरसमज होता."

"लिहून पण ठेवलं असेल."

सरांनी माधवकडे पाहिले. माधवने मान खाली घातली. प्रयोगाची एक मोठी वही असते, रोज जे घडले ते त्यात लिहितात. मी ती मागितली. त्याने पान काढले. इंग्रजीत होते. मला वाचता येईना. तुळशीरामांनाही येईना.

"वाच," मी म्हटले, "मराठीत."

त्याने वाचले. "मावशीकडून आलेला दुसरा कोळसा भेसळयुक्त. टाकून द्यावा."

"ते खोड."

"बाई, या वहीत खाडाखोड चालत नाही," सर म्हणाले. "हा आमचा नियम आहे. जे लिहिलं ते पुसायचं नसतं. चूक असेल तर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, खाली खरं काय ते लिहायचं, तारीख घालायची, सही करायची."

"मग तसंच करू दे त्याला," मी म्हटले. "पण मराठीत. मला वाचायचंय."

"बराबर बोलून राहिली ताई," तुळशीराम मागून म्हणाले. सरांनी त्यांच्याकडे पाहिले, तरी ते जागचे हलले नाहीत.

माधवने एक रेघ मारली आणि खाली लिहू लागला. मी त्याच्या खांद्यावरून अक्षर अक्षर वाचत होते. "हा कोळसा मावशीने पाठवलेला नव्हता. शेंदूर लागलेल्या करवंट्यांपासून तो मी केला होता. मावशीचा कोळसा शुद्ध आहे. करवंट्या खरवडून, पाणी न मारता झाकून विझवण्याची रीतही तिचीच." शेवटचे वाक्य मी सांगितले नव्हते. ते लिहिताना त्याने नाक पुसले. मग तारीख घातली, सही केली.

माझे वाचून झाले. वही सरांपुढे सरकवली.

"हे काय?"

"आधीच्या सगळ्या पानांवर खाली तुमची सही आहे," मी म्हटले.

सरांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. पेन कुठे गेले, म्हणाले. उद्या करतो, म्हणाले. माझी गाडी दुसऱ्या दिवशी होती आणि बिऱ्हाड तुळशीरामांच्या घरी, म्हणजे मला निघायची घाई नव्हती. चहा निवला, विद्यार्थी एकेक करून निघून गेले. मी उभीच राहिले. शेवटी माधवने आपले पेन पुढे केले, आणि सरांनी टोपण काढले.